सहा बाय तीन

आमच्या ग्रुपकडं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही कधीच नव्हतं. विंगा मागून आणलेल्या, स्पॉट आणि डिमर भाड्याचे, मेकअपची पेटी एकाच्या बहिणीची. मालकीची होती ती एक लेव्हल. नाटकवाल्यांना लेव्हल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो, रंगमंचावर उंचवटा करायला ठेवतात तो लाकडी चौथरा. सहा बाय तीन, दीड फूट उंच, चौकट आडजात लाकडाची आणि वर प्लाय. सुतारवाड्यातल्या एका मिस्त्रींनी ती करून दिली तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही हलकी सांगितली होती. "वर माणसं नाचणार न्हवं? मग मोडून कसं चालंल?" असं म्हणून त्यांनी आतून दोन आडव्या पट्ट्या जादा ठोकल्या. तेव्हापासून ती उचलायला चार माणसं लागतात, आणि ग्रुपमध्ये नवीन पोरगा आला की आधी त्याच्या दंडाकडं बघितलं जातं, मग उच्चारांकडं.

या एका चौथऱ्यावर आम्ही काय काय उभं केलं! तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये तो बेणारेबाईंचा पिंजरा झाला. ते नाटकच मुळी आमच्यासारख्यांचं. हौशी मंडळी प्रयोगासाठी गावात येतात आणि वेळ घालवायला खोटा खटला मांडतात. तालमीत आम्ही हसायचो, कारण त्या मंडळीतला एकेक नमुना आमच्यात हजर होता. दुसऱ्या अंकात मात्र हसू यायचं बंद व्हायचं. आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये भाऊराव त्याच लेव्हलवर मरून पडायचे आणि उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करायचे. जयंत पवारांच्या 'अधांतर'साठी ती गिरणगावातल्या खोलीतली खाट झाली. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' आम्ही कधी धरलं नाही. त्या नाटकाला घर लागतं, माजघर लागतं, दारात पडलेला ट्रॅक्टर नुसता बोलण्यातून उभा करावा लागतो. एवढं आमच्याच्यानं झालं नसतं.

दर नाटकाला लेव्हलला नवा रंग बसायचा. तिच्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, तिथं खालचे थर दिसतात. वर काळा, त्याखाली चाळीच्या भिंतीचा पिवळट हिरवा, मग गेरू, मग पुन्हा काळा. मधे एक चंदेरी थर आहे. तो कुठल्या नाटकाचा, यावर आमच्यात आजही वाद होतो. आतून सायकलची जुनी ट्यूब कापून ठोकलीय, पाय पडल्यावर पोकळ आवाज येऊ नये म्हणून. तरी उजव्या मागच्या पायाशी ती करकरतेच. गंभीर प्रसंगात तिकडं कुणी वळलं की दिग्दर्शक विंगेतून डोळे वटारायचा.

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हातगाडीवरून ती कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात जायची. दुपारी सेट लावायचा, संध्याकाळी प्रयोग, आणि रात्रीच सगळं काढून न्यायचं, कारण उद्या दुसऱ्या ग्रुपचा नंबर. त्या काही आठवड्यांत गावाला रोज एक नाटक बघायला मिळायचं. चांगलं, सुमार, काही तर उठून जावं असं. पण नाटकाची सवय लागते ती अशीच. फक्त उत्तम तेवढं बघून प्रेक्षक तयार होत नाही, असं माझं मत आहे.

शाहू महाराजांनी हे थिएटर बांधून १९१५ साली खुलं केलं, पॅलेस थिएटर या नावानं. शेजारीच खासबागेचं कुस्ती मैदान. पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं. ज्यांनी १९०८ साली 'ललितकलादर्श' काढली, जुलै १९२१ मध्ये 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले, ते केशवराव. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा आठवतो, तालीम आठवते. याच गावात डॉ. शरद भुताडियांच्या 'प्रत्यय'नं विंदांच्या मराठीतला 'राजा लिअर' केला. मायकेल फ्रेनचं 'कोपनहेगन' केलं: तीन माणसं, १९४१ मधली एक भेट आणि अणूवरची चर्चा. ते बघून आल्यावर आम्ही काही दिवस आमच्या तालमीत जरा हळू आवाजात बोलत होतो. एवढ्या मोठ्या सेटची आपल्याला खरंच गरज आहे का, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यात सुरू झाला. आमच्यापाशी सेट नव्हताच, हा भाग वेगळा.

पुढं ग्रुप पांगला. कुणी पुण्याला, कुणी बँकेत, दोघे सिरियलमध्ये. लेव्हल माझ्या शुक्रवार पेठेतल्या घरी आली. बायकोनं पहिले चार दिवस कपाळाला आठ्या घातल्या, मग तिच्यावर गाद्यांची चळत रचली. पाहुणे आले की ती खाट, गणपतीत आरास, मुलीला अभ्यासाला बसायची जागा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं त्रेचाळीस फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली आणि पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गहू-तांदळाची पोती आणि फ्रिज तिच्यावर चढवला. फ्रिज गेला तो गेलाच. पाणी उतरल्यावर चिखल खरवडला, प्लाय फुगून वर आलं होतं, ते बदललं. चौकट मात्र हलली नव्हती. मिस्त्रींच्या त्या दोन पट्ट्या!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रस्त्यावर कलाकार, प्रेक्षक, बॅकस्टेजवाले सगळे उभे, आणि म्हातारे नट पोरांसारखे रडत होते. रंगमंच गेला, छत गेलं, दगडी भिंती उरल्या. पुढच्या काही दिवसांत एक वाक्य फार ऐकलं: नाटक काय, कुठंही करता येतं. बोलणारा बहुधा नाटक करणारा नसायचा. करता येतं हे खरं. आम्ही देवळाच्या मांडवात केलंय, शाळेच्या पटांगणात केलंय. पण माइक न लावता शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा उसासा पटांगणात टाकता येत नाही. नव्या नाटकाला तर तो उसासा जास्तच लागतो, कारण त्यात पदं नसतात, तलवारी नसतात. माणसं बोलता बोलता गप्प होतात आणि खरं नाटक तिथं असतं.

आता मुलीच्या वयाची पोरं नवा ग्रुप घेऊन ओळीनं तीन नाटकं करतायत, तिन्ही आजच्या लेखकांची. थिएटर उभं राहीपर्यंत थांबायला ती तयार नाहीत. एका हॉलमध्ये मधे जागा सोडून चारी बाजूंनी खुर्च्या मांडतात. मी मोठ्या उमेदीनं लेव्हल देऊ केली. दिग्दर्शिका कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरली, करकरणारा कोपरा तिला लगेच सापडला. "काका, जमिनीवरच खेळतोय आम्ही. उंच नको."

मी तालीम बघितली. तिचं बरोबर होतं. प्रेक्षकाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ ती माणसं भांडत होती, तिथं चौथरा आडवा आला असता. तरी लेव्हल गेली हॉलवर. मागच्या कोपऱ्यात तिच्यावर लाईटवाल्या पोराचा लॅपटॉप, डिमर आणि चहाचा थर्मास असतो. रंग मात्र दिग्दर्शिकेनं द्यायला लावला, काळा. हातगाडीऐवजी आता छोटा हत्ती येतो आणि त्याचं भाडं अजून माझ्याकडूनच जातं.