पेटीतले पळसदेव

शेतकऱ्याच्या घरात माशांची काचेची पेटी ठेवायची, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. आमच्या शेजारच्या काकूही हसल्या. "अगं, चार कोंबड्या पाळ. अंडी तरी मिळतील. मासे बघून पोट भरतं का?" असे म्हणाल्या. खरे सांगायचे तर मीही मुलाला हेच ऐकवले होते. पण त्या पेटीपायी आमच्या घरात जे घडले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते. शिवाय ती पेटी सजवताना आमची एक मोठी चूक झाली. तुमच्या घरी ती होऊ नये.

आम्ही बारामती तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्यावरचे. ऊस, थोडा गहू, दोन गाई. धाकटा मुलगा नववीत आहे. बारामतीच्या एका नातेवाइकांनी घर बदलताना त्यांची जुनी पेटी त्याला दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. मासे विकत आणावे लागले नाहीत. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याच्या माणसांनी आमच्या हौदात गप्पी सोडले होते. त्यातले चौदा त्याने पेटीत घेतले. आमच्या विहिरीचे पाणी जड, पण गप्पीला ते मानवते.

पेटी ओसरीत ठेवली तर काचेतून मागची भिंत, विजेचा मीटर आणि लोंबत्या वायरी दिसू लागल्या. दुकानात मागे चिकटवायचा रंगीत कागद मिळतो. त्यावर समुद्रातली पोवळी छापलेली. मी म्हटले, "मासे आपल्या हौदातले आणि मागं समुद्र कशाला? आपल्याकडचं काहीतरी कर की." माझ्या या एका वाक्याने सारे सुरू झाले.

माझे माहेर इंदापूर तालुक्यातले पळसदेव. भीमेवर उजनीचे धरण झाले, ते १९८० साली पुरे झाले. त्या पाण्यात आमचे जुने गाव गेले आणि लोक वर येऊन राहिले. तेव्हा मी आईच्या कडेवर होते, मला काही आठवत नाही. जुने पळसनाथाचे देऊळ मात्र अजून पाण्यात उभे आहे. धरणाचे पाणी फार उतरले की ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले, तेव्हा मी मुलाला घेऊन गेले होते. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही देवळापर्यंत गेलो. दगडावर हात ठेवून तो बराच वेळ उभा होता. पेटीच्या मागे तेच देऊळ करायचे, असे त्याने ठरवले.

दूरदर्शन संच ज्या खोक्यातून आला, त्यातला थर्माकोल माळ्यावर पडून होता. त्यावर पेन्सिलीने देऊळ आखले आणि धारदार पात्याने कोरले. त्याचा चुरा मात्र नीट गोळा करून ठेवा. वाऱ्याने गोठ्यात गेला तर जनावर वैरणीबरोबर खाते. कोरून झाल्यावर वरून सिमेंटचा हात दिला, चार दिवस वाळवले आणि पेटीत बसवून पाणी भरले. देखावा सुरेख दिसत होता. संध्याकाळी मासे सोडले.

सकाळी उठून पाहतो तर अकरा गप्पी पालथे होऊन वर तरंगत होते. मुलगा शाळेत गेला नाही, जेवला नाही. पाण्यात बोट घातले तर साबणासारखे बुळबुळीत लागले. उरलेले तीन मासे आम्ही घाईने हौदात सोडले.

शेजारचे गवंडी आले. पेटी पाहून म्हणाले, "वहिनी, नव्या हौदाचं पाणी लगेच जनावराला पाजता का तुम्ही?" मला एकदम लाज वाटली. नवा हौद बांधला की तो आपण भरतो, ओततो, पुन्हा भरतो. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जहाल होते, हे आपल्याला ठाऊक असते. त्या पाण्याने माशांचे कल्ले भाजून निघतात. गाईसाठी जे पाळतो, ते माशांसाठी विसरलो. कारण ते आम्हाला खेळणे वाटले होते.

पुन्हा करायचे नाही, असे मुलगा म्हणाला. पण मधेच माझी आई राहायला आली. तिने पेटीतून काढलेला तो तुकडा ओट्यावर पाहिला. किती तरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आरं, देऊळ झाक केलंस. पण आपलं दार कुठं हाय?" आणि ती सांगू लागली. वाडा कुठे होता, दाराची चौकट कशी होती, उंबऱ्यावर बसून देवळाची घंटा कशी ऐकू यायची. इतक्या वर्षांत हे तिने मलाही कधी सांगितले नव्हते. मुलाने वही काढली.

दुसऱ्या वेळेस आम्ही घाई केली नाही. तुम्हाला करायचे असेल तर असे करा. देखावा पेटीपेक्षा किंचित लहान ठेवा. वरच्या काचपट्टीतून आत जात नसेल तर दोन तुकडे करा. सिमेंटचा पहिला थर ताकासारखा पातळ, ब्रशने, बारीक भोके बुजतील असा. त्यावर एकेक दिवसाने तीन जाडसर थर. मधे सावलीत ठेवून, घराच्या भिंतीला मारतो तसे पाणी मारा. शेवटच्या थरात काळा किंवा लाल ऑक्साईड मिसळला की दगड-विटांचा रंग येतो. वरून तैलरंग देऊ नका.

मग टबात बुडवून ठेवा. थर्माकोल वर येतो, म्हणून त्यावर धोंडा ठेवा. दर दोन दिवसांनी पाणी बदला. आम्ही चार आठवडे बदलले. शाळेतल्या गुरुजींनी तांबडा लिटमस कागद दिला. एक कागद विहिरीच्या पाण्यात आणि एक टबातल्या पाण्यात धरायचा. टबातला जास्त निळा झाला तर अजून थांबायचे. दोन्ही सारखे दिसले की काम झाले. शेवटी साध्या सिलिकॉनने काचेला चिकटवा. बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेले सिलिकॉन माशांना चालत नाही. पाणी भरण्याआधी आठवडाभर वाळू द्या, आणि कडेला फट ठेवू नका, नाहीतर पिल्ले मागे अडकतात. पहिल्या दिवशी एकदोनच मासे सोडा. ते दोन दिवस नीट राहिले तर बाकीचे.

पुढे देखाव्यावर हिरवे शेवाळ धरले. दुकानदाराने शेवाळ खाणारा सकर मासा घे म्हटले. मुलाने नाही सांगितले. हा दक्षिण अमेरिकेतला मासा कुणीकुणी पेटीत मावेना म्हणून नदीत सोडला आणि तो उजनीत पसरला. त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पेटीतला कोणताही मासा ओढ्यात, विहिरीत, धरणात सोडू नका, एवढे माझे सांगणे आहे. शेवाळ आम्ही जुन्या दात घासायच्या ब्रशने काढतो. थोडे राहू देतो. पाण्यातल्या देवळावर ते शोभते.

दिवाळीत आई पुन्हा आली. आता देवळाच्या डाव्या अंगाला पडकी भिंत आहे, तिच्यात बोटभर रुंदीचे दार आणि खाली उंबरा आहे. आई पेटीसमोर पाट घेऊन बसली. एक गप्पी दारातून आत गेला, वळला, बाहेर आला. आई हसली आणि पदर डोळ्याला लावला. "खरंच हाय," ती म्हणाली. "आता आपल्या घरात मासंच राहत्यात."

शेजारच्या काकू हल्ली संध्याकाळी येऊन बसतात. परवा त्यांनी मुलाला विचारले, आमच्या कऱ्हेकाठचा घाट करता येईल का रे? तो म्हणाला, येईल, पण चार आठवडे पाण्यात ठेवावा लागेल.