शेवटचं कडवं

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून मॅथ्सचा होमवर्क उरकायचे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि नाही दिसल्या तर ते श्रेय माझ्या रूम पार्टनरचं. (तिला मी एक मॅगी देणं लागते.)

पण मराठीतली एक गोष्ट मला शाळेशिवायच पाठ होती. वेड्या नवऱ्याचं गाणं. भोंडल्यातलं हो! बायको बिचारी करंज्या करते, त्याला त्या होड्या वाटतात, तो त्या पाण्यात सोडतो. लाडू केले तर चेंडू म्हणून खेळत बसतो. शेवया केल्या तर गांडुळं समजून फेकून देतो. बस, एवढंच गाणं. लहानपणी मला हे जगातलं सगळ्यात विनोदी गाणं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

माझी आजी सांगलीची. ती भोंडला म्हणत नाही, हादगा म्हणते. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सोळा दिवस हादगा. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फळांची माळ, त्याच्यासमोर फेर, रोज एक गाणं वाढवायचं आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखायची. आम्ही ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो, तिथे कसला आलाय फेर! आमचा हादगा गाडीत व्हायचा. सांगलीला जाताना खंबाटकीचा घाट लागला की आजी सुरू करायची. वेड्याच्या जागी आजोबांचं नाव घालायची आणि आजोबा पुढच्या सीटवर झोपेचं सोंग घ्यायचे. बाबांनी तर स्वतःचं कडवं जोडलं होतं: बायकोने नूडल्स केल्या, त्याला लोकर वाटली, त्याने स्वेटर विणायला घेतला. आई म्हणायची, निदान विणला तरी.

तर गेल्या वर्षी आमच्या लेडीज होस्टेलवर भोंडला ठरला. हत्ती काढायला ड्रॉइंगची रिजेक्ट झालेली शीट उलटी केली. हत्ती फर्स्ट अँगलमध्ये काढायचा की थर्ड अँगलमध्ये, यावर अर्धा तास वाद! अकोल्याच्या मुलीने जाहीर केलं की हे काहीच नाही, आमच्याकडे भुलाबाई असते, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. रेक्टर मॅडमही साडी खोचून फेरात आल्या. खिरापत पहिल्याच फटक्यात ओळखली गेली, कारण आमच्या मेसला कांदेपोह्यांशिवाय दुसरं काही जमतच नाही.

वेड्याचं गाणं आलं. मी जोरात. करंज्या झाल्या, लाडू झाले, शेवया झाल्या, मी थांबले. बाकीच्या थांबल्याच नाहीत. बायको पलंगावर झोपलेली असते, वेड्याला वाटतं मेली, आणि तो तिला जाळून टाकतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण हसले. कराडची मुलगी म्हणाली, "अगं, शेवटचं कडवं माहीत नाही तुला? गंमत तर त्यातच आहे."

रात्री आजीला फोन केला. म्हटलं, काय गं आजी, अर्धंच गाणं शिकवलंस? आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "खिरापत काय होती?"

दिवाळीच्या सुट्टीत चकल्या पाडताना तिने आपणहून विषय काढला.

१९८१चा हादगा. सांगलीचा त्यांचा वाडा. आजी अठ्ठावीस वर्षांची. समोरच्या बिऱ्हाडात नवीन सून आली होती, साधारण माझ्याच वयाची. अंगणात फेर धरला की तिचा आवाज सगळ्यांच्या वर. आणि हे गाणं तिचं फार आवडतं. शेवटच्या कडव्याला ती डोळे मिटून, मान टाकून मेल्याचा अभिनय करायची आणि वाड्यातल्या पोरी हसून हसून लोळायच्या.

संक्रांतीच्या आधी तिचा स्टोव्ह भडकला. म्हणजे, तसं सांगितलं गेलं.

पोलीस आले. वाड्यात प्रत्येकाला विचारलं, भांडणं ऐकू यायची का? "यायची," आजी मला म्हणाली. "रोज यायची. मधली भिंत ती केवढी! पण सगळ्यांनी नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं." मी तिला ४९८-अ बद्दल विचारलं, कारण मोबाइलवर शोधून मी तेवढंच शहाणपण आणलं होतं. ते कलम १९८३ साली आलं. आजी म्हणाली, "कलम नव्हतं म्हणून नाही गं. तोंड होतं की."

पुढच्या हादग्याला शेवयांपर्यंत आली आणि तिच्या तोंडून पुढचं निघेना. वाड्यातल्या लहान पोरींना वाटलं, गाणं संपलं. बाबांनाही तेच वाटलं. म्हणून तर त्यांनी नूडल्स जोडल्या.

मी विचारलं, मग आता मी म्हणू का ते कडवं? तिने सोऱ्यात पीठ भरलं आणि दट्ट्या दाबला. "तुझं तू बघ. मला विचारू नकोस."

या वर्षी भोंडला कमिटीत मी आहे. गाण्यांची यादी केली आहे, नोटीस बोर्डावर लागेलच. त्या गाण्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, ते अजून खोडलेलं नाही. कराड म्हणते, आख्खं गाणं हवं. अकोला म्हणते, तू आधी ही गोष्ट सांग, मग बघू कोण गातंय.

खिरापत मात्र ठरली आहे. कांदेपोहे नाहीत, एवढंच सांगते.