वेळासला जा, आणि गावातच राहा

वेळास! परत आल्यापासून भेटेल त्याला हेच नाव सांगतेय आणि तरी समाधान होत नाहीये. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोटचा किल्ला आहे. तो मागे टाकला की डोंगर आणि पुळण यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे एवढंसं गाव वसलंय. खाडीच्या पलीकडे हरिहरेश्वर. तिथे आपण सगळे वर्षानुवर्षं जातो! बागमांडल्याला जंगलजेट्टीत गाडी चढवायची, वेसवीला उतरायचं, की वेळास आलंच. हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याची कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, त्यांचा पुतळाही आहे इथे. एरवी किनाऱ्यावरचं कुठलंही लहान गाव असतं तसंच हे. तरणी पोरं मुंबई-पुण्याला, मागे म्हातारी माणसं, आणि चाकरमान्यांनी गाव भरायचं ते गणपतीत आणि शिमग्यात. पण वेळासला भरण्याचा आणखी एक हंगाम आहे, आणि तो आणलाय कासवांनी.

ऑलिव्ह रिडले. चाळीस-पन्नास किलोंची मादी थंडीच्या दिवसांत रात्री पाण्याबाहेर येते, भरतीच्या रेषेच्या वर मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते आणि निघून जाते. पुन्हा त्या पिल्लांकडे ती बघायलाही येत नाही. पुढचं सगळं वाळूच्या उबेवर. पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा ती ऊबच ठरवते! वाळू जास्त गरम असेल तर माद्या, कमी असेल तर नर. हे ऐकल्यावर पायाखालच्या वाळूकडे मी वेगळ्याच नजरेनं बघायला लागले.

आणि आता यातला माणसांचा भाग, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलेय. या किनाऱ्यावर पूर्वी कासवाची अंडी खणून नेत. माणसं नेत, कुत्री नेत, कोल्हे नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या भाऊ काटदरे यांच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, आणि ते गावकऱ्यांनाच हाताशी धरून. ज्या नजरेला वाळूतली खूण बघून घरटं नेमकं सापडत होतं, तीच नजर आता राखणीला लागली! २००६ पासून, पिल्लं समुद्राकडे जाताना लोकांना बघता यावीत म्हणून, कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे यायचे ते गावातल्या घरांत उतरायचे, जेवायचे, आणि त्याचे पैसे त्या घराला मिळायचे. किनाऱ्यावर हॉटेल न बांधता गावानं आपली माजघरं उघडली. निसर्ग वाचवण्याबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण इतकं साधं आणि इतकं शहाणपणाचं काही पाहिलं नव्हतं.

राखण करणारी गावातली माणसं, म्हणजे कासवमित्र, उजाडायच्या आधी पुळण पालथी घालतात. मादीच्या पावलांचा माग सापडला की अंडी हळुवार काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात, तारीख लिहितात. साधारण पन्नास दिवसांनी त्यावर टोपली पालथी घालतात. मग रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पिल्लं वर आली का ते बघायचं!

“सकाळी साडेसहालाच निघा हो, पिल्लं तुमच्यासाठी थांबायची नाहीत,” असं आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी रात्री आमटी-भात वाढतानाच बजावलं होतं. आणि टोपलीखाली ती होती! तळहातावर मावतील एवढी, काळपट, एकमेकांवर चढणारी. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. ओल्या वाळूवर ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. दोरीमागे आम्ही सगळे उभे. एक लाट येते, पिल्लाला मागे लोटते, ते वळतं आणि पुन्हा समुद्राकडेच निघतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी अख्खा जन्म या गावात काढलाय, दर वर्षी हे बघितलंय, आणि तेही माझ्याइतकेच आनंदानं ओरडत होते!

यातून जगून मोठं होणारं पिल्लू हजारात एखादं. म्हणूनच २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तेव्हा गावाला केवढा आनंद झाला असेल! तिचं नाव ‘प्रथमा’, कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा माग काढलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले.

तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान वेळासला जा. गावातल्या घरी आधी फोन करून ठेवा, पंचपक्वान्नं मागू नका, वाढतील ते जेवा. किनाऱ्यावर विजेरी लावू नका, फ्लॅश मारू नका, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि चुकतात. दोरीच्या पुढे पाऊल टाकू नका. आणि पहिल्या सकाळी टोपली रिकामी निघाली तर परतीची घाई करू नका, आणखी एक रात्र राहा.