पेट्रोलचा कॉक

टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बसणारी चार बोटांएवढी तोटी म्हणजे पेट्रोल कॉक. चालू, बंद आणि रिझर्व्ह एवढ्या तीनच आज्ञा ती जाणते. आमचा जन्म सरकारी सेवेत गेला. तीन आज्ञा निमूटपणे पाळणाऱ्याविषयी आम्हांला आदरच आहे.

आमच्या १९९६ सालच्या मोटारसायकलचा कॉक बंद असूनही ठिबकू लागला, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, विकून टाका आता." पण ठिबकणे आजच थांबायला हवे होते. आमच्या इमारतीत वाहने जिथे उभी राहतात, तिथेच विजेच्या मीटरांची पेटी आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड; ती वर न उडता जमिनीलगत पसरते. एक ठिणगी पुरे. त्यातच कार्बोरेटरमधली सुई अडकली, तर पेट्रोल रात्रभर झिरपून इंजिनाच्या तेलातही मिसळू शकते.

या दुखण्याचे मूळ ऑगस्ट २००६ च्या पुरात आहे. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, आणि हजारो वाहनांबरोबर आमचेही बुडाले. पाणी पेट्रोलहून जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते. 'चालू'ची नळी उंच, 'रिझर्व्ह'ची आखूड. म्हणून पुरानंतर गाडी एरवी सुरळीत चाले आणि रिझर्व्हवर येताच आचके देई. पाणी काढले, गंज मात्र राहिला. त्याचे कण कॉकमधल्या रबरी चकतीवर ओरखडे काढत राहिले. त्यात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. जुन्या जातीचे रबर त्यात फुगते.

दुकानदाराने दोन कॉक समोर ठेवले. एक कंपनीच्या पाकिटातला, दुसरा पाव किमतीचा, बिननावाचा. "साहेब, चालशे," तो दुसऱ्याविषयी म्हणाला. या एका शब्दावर सुरतेत मोठमोठे व्यवहार होतात. पण ठिबकण्याच्या बाबतीत आम्हांला तो अपुरा वाटतो. घासाघीस करू लागलो, तर आडनाव ऐकून, "फरी लूंटवा आव्या?" १६६४ आणि १६७० यांचा हिशेब इथे अजून मिटलेला नाही, आणि ऐकताना आम्हांलाही हसू येते.

पाकिटावरच्या चकचकीत शिक्क्यावर आम्ही विसंबत नाही. जुना कॉक शेजारी ठेवून स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि नळीच्या तोंडाची दिशा पाहिली. उभ्या नळीची उंची विशेष पाहिली. ती कमी असेल, तर रिझर्व्हला पेट्रोल फारसे उरत नाही आणि माणूस कामरेजच्या अलीकडे गाडी ढकलत बसतो. मग 'बंद'वर ठेवून तोंडाने फुंकले. बिननावाच्यातून हवा सुटली. दुकानदाराने तो मुकाट्याने मागे घेतला.

मेकॅनिककडून आधी टाकी धुऊन घेतली. गंज तसाच ठेवून नवा कॉक बसवणे म्हणजे पैसे गटारात घालणे. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आल्यामुळे ही तोटीच नाही, हे त्याने सहानुभूतीने सांगितले. तीन रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरले. चौथ्या दिवशी ते कोरडेच रद्दीत गेले.