जोडाजोड

मोडलेली वस्तू हाती आली की माणसाचा खरा स्वभाव कळतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. काही माणसे ती तत्काळ टाकून देऊन नवी आणतात. काही ती फडताळात ठेवतात आणि विसरून जातात. आणि काही, ज्यांत मी स्वतःची गणना करतो, तिचे दोन तुकडे एकमेकांशी जुळवून पाहत बसतात. तुकडे नेमके बसले म्हणजे एखादे अडलेले यमक साधल्याचा आनंद मला होतो. हा गुण मी कमावलेला नाही. तो वारशाने आला आहे. माझ्या आजीच्या घरात कागदाला खळ होती, पाकिटाला बाभळीचा डिंक होता, तावदानाला लुकण होते, गळक्या भांड्याला डाख होता, आणि विरलेल्या लुगड्यासाठी तर गोधडीच्या रूपाने पुनर्जन्मच ठरलेला होता. मोडणे म्हणजे त्या घरात वस्तूचे मरण नसे. नुसते दुखणे असे.

काळ पालटला तसे दुखणेकरीही पालटले. आजी पाटीपाट्या आणि सुपल्या सांधीत असे. मी मोटरसायकल सांधतो. माझी मोटरसायकल वयाने माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांहून मोठी आहे. तिचे इंजिन अद्याप धडधाकट आहे; परंतु प्लॅस्टिकचे जे अलंकार कारखान्यातून तिच्या अंगावर आले होते, ते वृद्धापकाळच्या दातांप्रमाणे एकेक हलू लागले आहेत. बाजूच्या पॅनेलची खुंटी तुटते, दिव्याच्या घराला चीर जाते, इंडिकेटरची मान मोडते. दुकानदार म्हणतो, "सगळा भागच नवा घाला." मी घरी येऊन टेबलाचा तिसरा खण उघडतो. त्या खणाला आमच्या सौभाग्यवतींनी 'प्रयोगशाळा' असे नाव दिले आहे. उच्चारात आदर कमी असतो, ही गोष्ट निराळी.

त्या खणात जे डिंक आहेत त्यांचे स्वभाव माणसांसारखेच भिन्न आहेत. फेव्हिकॉल हा पांढरा, सात्त्विक, लाकडावर जीव लावणारा गृहस्थ. पण पाण्याशी त्याचे फारसे पटत नाही, म्हणून पावसात हिंडणाऱ्या गाडीच्या तो कामाचा नाही. फेविक्विक हा शीघ्रकोपी. पाच-दहा रुपयांच्या नळीत मावणारा हा पदार्थ हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने क्षणात घट्ट होतो, आणि बेसावध माणसाची दोन बोटे एकत्र आणून त्याला थोडा वेळ ध्यानस्थ करतो. अशा वेळी हिसका न देता साबणाच्या कोमट पाण्यात बोटे बुडवून बसावे. याच्या वंशाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूवर नावाचा रसायनज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत होता. हाती आलेले द्रव्य ज्याला लागेल त्याला चिकटे, म्हणून वैतागून त्याने ते बाजूस सारले. १९५१ मध्ये ते पुन्हा समोर आले तेव्हा हा उपद्रव हाच त्याचा उपयोग आहे हे ध्यानात आले, आणि १९५८ मध्ये ते बाजारात विक्रीस आले. खोडकर म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाने पुढे नाव काढावे, तसाच हा प्रकार.

अराल्डाइटचा संसार दोन नळ्यांचा. एकीत राळ, दुसरीत तिला कठीण करणारे द्रव्य. दोन्ही एकत्र आल्याशिवाय काही घडत नाही, आणि एकत्र आल्यावर मागे फिरता येत नाही. त्याला घाई चालत नाही. जोड दोरीने आवळून रात्रभर स्वस्थ ठेवावा लागतो. एम-सील हे त्याच कुळातले, पण कणकेसारखे मळायचे. नळाच्या गळतीवर आपल्या घराघरांत त्याचेच राज्य आहे.

तथापि डिंकापेक्षा त्याच्या आधीची तयारी महत्त्वाची, हे मी अनुभवाने सांगतो. तेलकट, धुळकट प्लॅस्टिकवर उत्तम डिंकही व्यर्थ जातो. प्रथम साबणाने धुवावे, वाळवावे, कडा पॉलिश पेपरने खरबरीत कराव्यात, स्पिरिटने पुसाव्यात. चीर पुढे धावत असेल तर तिच्या टोकाशी बारीक भोक पाडावे. म्हणजे ती तेथेच थांबते. पॅनेलच्या आतल्या बाजूस पुष्कळदा प्लॅस्टिकची जात कोरलेली असते. 'एबीएस' असेल तर ते डिंकाला चटकन वश होते. 'पीपी' असेल तर घरगुती डिंक त्यावर टिकत नाहीत. तेथे दोन्ही कडांना भोके पाडून तारेचे टाके घालणेच बरे. फेविक्विकवर खाण्याचा सोडा भुरभुरला की तो तत्क्षणी दगडासारखा होतो. तुटलेल्या खुंटीची खळगी अशी भरून काढता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमच्या अंगणात गाडी बुडाली आणि घरात माझे पुस्तकांचे कपाट बुडाले. कपाटाचे पांढऱ्या डिंकाचे सांधे निखळले. इंजिन मिस्त्रींना सगळे उघडून धुवावे लागले. पण अराल्डाइटने सांधलेले पॅनेल गाळाखालून जसेच्या तसे निघाले. त्या दिवशी मला आजीची फार आठवण झाली.

अशा गोष्टींची कीर्ती महाविद्यालयात पसरायला वेळ लागत नाही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. हा मुलगा पहाटे गावाकडून दुधाचे कॅन गाडीवर लादून शहरात आणतो, रतीब घालतो आणि मग तासाला येऊन पहिल्या बाकावर बसतो. त्याच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुळाशी तडकला होता. खिशातून त्याने फेविक्विकची नळी काढली आणि म्हणाला, "सर, तेवढं नीट चिकटवून द्या. तुमच्या हाताला यश आहे म्हणतात."

मी नकार दिला. त्याने अत्यंत नम्रपणे विचारले, "पण सर, तुमच्या गाडीचं पॅनेल तुम्ही चिकटवलंच आहे ना?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य होते. मी त्याला लिव्हर हातात धरून दाखवला. डिंकाचा जोड सरळ ओढला किंवा सरकवला तर पुष्कळ भार सोसतो; कडेपासून उलगडू लागला की मात्र भराभर सुटतो. येथे बोटे ओढणार टोकाला, आणि तो सारा जोर कितीतरी पटींनी वाढून येणार मुळाशी, नखाएवढ्या भेगेवर. शिवाय ती भेग अशा वेळी सुटेल की ज्या वेळी ब्रेक सर्वांत जोराने दाबला असेल. म्हणजे समोर कोणीतरी असेल. "माझं पॅनेल गळून पडलं तर मी थांबून ते उचलीन," मी म्हटले, "तुझा लिव्हर गळून पडला तर तुला थांबताच येणार नाही."

तो समजला. हुशार मुलगा. पण समजल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते समाधान नव्हते. तो हिशेब होता. नवा लिव्हर काही फार महाग नाही, शे-दोनशेची बाब. माझ्या घरी एवढे पैसे महिन्याकाठी वर्तमानपत्रांवर जातात. त्याच्या हिशेबात मात्र ते कशातून तरी वजा व्हायचे होते. तेव्हा मला प्रकर्षाने जाणवले की, मी आणि तो एकच नळी हातात घेऊन उभे असलो तरी आमची काटकसर एक नाही. माझी काटकसर हा छंद आहे. तिला नाही म्हणण्याची मला मुभा आहे. ज्याला ती मुभा नाही, त्यालाच ब्रेक चिकटवण्याचा मोह पडतो. आणि भल्या पहाटे, ओल्या रस्त्यावर, लादलेल्या गाडीसह, चांगल्या ब्रेकची गरजही त्यालाच सर्वांत अधिक असते. स्वस्ताईची थोरवी गाणारे आम्ही लोक बहुधा आपापल्या पॅनेलांविषयीच बोलत असतो.

आम्ही दोघे चालत मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी भेगेकडे एकदाच पाहिले, मागल्या पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि मोडीत आलेल्या गाडीचा एक जुना पण धड लिव्हर काढला. दहा मिनिटांत तो बसला. पैशांचे नाव काढताच ते मुलाला म्हणाले, "लेका, वस्तूचे चाळीस दे, जमेल तेव्हा. मजुरी राहू दे. सरांच्या डिंकापायी माझं काय कमी नुकसान होतंय!" मी चाळीस रुपये पुढे केले. मुलाने माझा हात हलकेच बाजूला सारला आणि आठवड्याने स्वतःच ते फेडले.

ती नळी त्याने माझ्याकडेच ठेवली. आता गाडीचे काही मोडले म्हणजे मी डिंकाआधी एक प्रश्न काढतो: हा जोड सुटला तर कोणाचे काय होईल? मलाच ओशाळे वाटण्यापलीकडे काही व्हायचे नसेल, तर खण उघडतो. परवा त्याच नळीने सौभाग्यवतींच्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची मूठ बसवली. ती अजून टिकून आहे. पण बरणी उचलताना त्या खालून हात लावतात.