आतेभाऊ

दादा गेला तेव्हा रोहिण्या लागल्या होत्या. दारात चपलांचा ढीग, आभाळ गच्च भरलेलं, पण पडत काहीच नव्हतं. मांडवाखाली एक काकू म्हणाल्या, "आतेभाऊ ना गं तुझा? मग तुम्हाला फार पाळावं लागत नाही."

आत्या गेली तेव्हा दादा चार वर्षांचा होता. तो आमच्याकडे आला तो कायमचाच. मी जन्मले तेव्हा तो घरात होताच, त्यामुळे 'आते' हा शब्द मला बराच उशिरा कळला.

डिसेंबरात गोधड्या घेऊन आम्ही गच्चीवर बसायचो. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण धरायचा, रेघ वर ओढायची की लालसर रोहिणी. तिच्यासकट इंग्रजी व्हीसारखा दिसतो तो रोहिणीचा शकट. ग्रीक त्याला हायडीज म्हणतात, हे दादाकडूनच कळलं. अ‍ॅटलासच्या मुली. त्यांचा भाऊ हायस शिकारीत जनावराकडून मारला गेला आणि त्या रडतच राहिल्या. ग्रीसमध्ये हे तारे नोव्हेंबरात पहाटे मावळू लागले की पावसावादळाचे दिवस येत. आपल्याकडेही रोहिण्या बरसण्याची वाट बघतातच की.

"मग भाऊ कुठला?" मी विचारलं.

"भाऊ नाही त्यात. नुसत्या बहिणी."

दादा गेला त्या दिवसांत हे तारे दिसणं शक्यच नव्हतं, सूर्य त्यांच्याच पुढ्यात असतो. दिवसा ते दिसायचे तर खग्रास ग्रहणच हवं. 29 मे 1919 ला ते झालं. प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टनने आणि ब्राझीलमध्ये सोब्राल इथे दुसऱ्या तुकडीने झाकल्या सूर्याशेजारचे हेच तारे टिपले. सूर्याजवळून येताना त्यांचा प्रकाश वाकला होता, आइनस्टाइनने म्हटल्याप्रमाणे. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या महिन्यांत दुसरं काही वाचवतच नव्हतं.

त्यातच कळलं की शकटातले बहुतेक तारे एकाच ढगातून, सुमारे 65 कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले. अंतर दीडशे प्रकाशवर्षं, सगळे एकाच दिशेने चाललेले. रोहिणी मात्र त्यांच्यातली नाही. ती जेमतेम 65 प्रकाशवर्षांवर, वाटेत उभी आहे इतकंच. पण तिला वगळून तो व्ही बघायचा प्रयत्न करा, एक पाय तुटतोच.

मी दहा दिवस पाळले. काकूंना सांगितलं नाही. रडू मात्र आलं नाही, त्याचीच लाज वाटत राहिली.

डिसेंबरात एकटीच गच्चीवर गेले. बाण सापडला, रेघ ओढली आणि पोहोचले थेट व्याधावर. उलट्या बाजूला ओढली होती. लहानपणी असं झालं की दादा माझं बोट धरून आभाळभर मागे फिरवायचा.

खाली बसले आणि पुष्कळ वेळ रडले. मग रेघ पुन्हा बाणापासून ओढायला घेतली.