पगार आणि खारी

आम्ही नांदेडचे. नोकरी लातूरच्या एका उर्दू शाळेत, तीही विनाअनुदानित. पगार लांबला की शाळा सुटल्यावर आमचे पाय आपोआप बेकरीकडे वळतात. पावशेर खारी खोलीवर पोचेपर्यंत संपते. तीन वर्षांत वजन 11 किलोंनी वाढले. घरी गेलो की अम्मी म्हणते, "लातूरचं पाणी मानवलं बघ तुला!" ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचे पाणी मानवले म्हणे!

डॉक्टर म्हणाले, ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल वाढते, गोड-तेलकट खावेसे वाटते आणि चरबी पोटावर साठते. मग आमच्याच खोलीतले सहकारी त्याच पगाराची वाट पाहून वाळले कसे? ज्याचा त्याचा स्वभाव. ते मुख्याध्यापकांशी कडाकडा भांडतात आणि त्या दिवशी जेवत नाहीत. आम्ही "जी सर" म्हणतो आणि खातो.

नवल म्हणजे, रमजानमध्ये दिवसभर रोजा असूनही खारी आठवली नाही. वाटले, सुटलो. ईदनंतरच्या सोमवारी मुख्याध्यापकांनी पगार पुढच्या महिन्यावर ढकलला. आम्ही "जी सर" म्हटले. संध्याकाळी बेकरीवाल्याने न विचारताच पुडी बांधली.